शब्दचर्चा : तो तियात्र की ते तियात्र?

फोंडा : तियात्राच्या, म्हणजे आपल्या गोव्याच्या कोंकणी नाट्यप्रकाराच्या, जाहिरातीचा मजकूर लिहिताना अडलो. मी 'नवं तियात्र' लिहिलं, मडगावच्या मित्राने खोडून 'नवा तियात्र' केलं. बरोबर कोण? आणि हा 'थिएटर'चाच अपभ्रंश ना?

म्हापसा : अपभ्रंश नव्हे, चुलतभाऊ म्हणा. मूळ ग्रीकच, पण थिएटर इंग्रजीतून आलं आणि तियात्र पोर्तुगीज 'तेआत्रो'तून. लिस्बनचा माणूस हा शब्द उच्चारतो तेव्हा 'ते'चा 'ति' होतो आणि शेवटचा स्वर पुसट होतो. म्हणजे आपल्या लोकांनी कानावर पडलं तेच धरलं. इंग्रजी शब्द इमारतीला चिकटला, पोर्तुगीज खेळाला. म्हणून 'थिएटरात तियात्र' ही द्विरुक्ती होत नाही.

गंमत म्हणजे नाव पोर्तुगीज, नमुना इटालियन आणि जन्म मुंबईचा. लुकाझिन रिबेरो यांनी तिथे इटालियन ऑपेरा पाहिला आणि १७ एप्रिल १८९२ रोजी 'इटालियन भुरगो' कोंकणीत रंगमंचावर आणला.

डिचोली : मग याला कोंकणी ऑपेराच म्हणू की!

म्हापसा : नको. ऑपेरात गाणंच गोष्ट सांगतं. इथे कथेतली गाणी वेगळी आणि दोन पडद्यांमधली कांतारां, म्हणजे कथेबाहेरची गाणी, वेगळी. नायिका अंथरुणाला खिळलेली असताना पडदा पडतो, गायक येऊन मंत्र्यांची हजेरी घेतो, लोक 'वन्स मोर' ओरडतात, मग पुन्हा नायिका. इटालियन माणूस चक्रावेल! 'पडदा' हा शब्दही बघा. मराठी नाटकात तो पडतो. तियात्रात अंकासारखे पडदे मोजतातही, सहा-सात पडद्यांचा खेळ.

लिंगाचं म्हणाल तर कोंकणीत 'पयलो तियात्र', पोर्तुगीजमध्येही पुल्लिंगच. पण मराठीत शब्द आला की मराठीच्या घरचे नियम. पोर्तुगीज 'बटाटा' स्त्रीलिंगी. आपण 'तो' केला, कुणी हरकत घेतली नाही. नाटक ते, म्हणून तियात्रही ते.

मडगाव : बटाट्याला विचारायला कोण गेलं होतं? तियात्रिस्त, म्हणजे तियात्र करणारे कलाकार, तर आपल्या शेजारी राहतात, 'तो' म्हणतात. ज्यांचा खेळ, लिंगही त्यांचंच.

म्हापसा : हा मुद्दा खरा. तरी माझ्या तोंडी 'ते'च येतं.

फोंडा : दोघांचेही आभार. 'नवीन तियात्र' छापायला दिलंय.