१/२४ प्रमाणातलं बर्फ-नांगर ट्रकचं मॉडेल: पात्याचा बाक टिकत नाही

प्रश्न: पुढचं पातं ०.५ मिमी स्टायरीन (प्लास्टिक) शीटचं करतोय. वाकवलं की पुन्हा सरळ होतं, हेअर ड्रायरने लाटा येतात. आणि उडालेला रंग कसा दाखवायचा?

उत्तर: ड्रायरची उष्णता एकसारखी लागत नाही. शीट धातूच्या पाइपवर चिकटपट्टीने घट्ट बांधा, उकळतं पाणी ओता, लगेच गार पाण्यात बुडवा. पाइप हव्या त्या बाकापेक्षा थोडा बारीक घ्या. सोडल्यावर शीट जराशी उघडतेच. मागे १ मिमी जाडीच्या फासळ्या मारा. खऱ्या ३.६ मीटर पात्याची रुंदी इथे १५० मिमी.

उत्तर: उडालेल्या रंगासाठी आधी प्राइमर (अस्तर), मग स्टीलचा रंग, तो लॅकरने बंद करा. वर हेअरस्प्रेचे दोन हात, त्यावर अ‍ॅक्रिलिक नारिंगी. हाताला सुकला की ओल्या ब्रशने खरवडा. फार दिवस ठेवलात तर सुटता सुटत नाही. खालच्या कडेला गंज अजिबात नको! रस्त्यावर घासून ती चकचकीतच असते. गंज बोल्टांभोवती.

उत्तर: पात्याच्या वजनाने ट्रकचं नाक खाली बसतं. पुढचे पाटे (स्प्रिंग) आधीच चिकटवून टाका, हौद्यात थोडं शिसं ठेवा. चाकांमागे मिठाचे पांढुरके ओघळ हवेतच, पातळ राखाडी-पांढऱ्या ऑइल रंगाचे.