प्रतिसाद: फणसाच्या फळ्या तडकल्या, काय चुकलं?

दादा, तुम्ही म्हणताय पावसात पडलेला फणस लगेच सॉ मिलवर चिरून आणला आणि महिन्याभरात फळ्यांना टोकाकडून भेगा गेल्या, तर लाकूड वाईट नव्हतं हो, घाई झाली. ओंडक्याचं पाणी कापलेल्या टोकांतून सगळ्यात भराभर जातं, टोक आकसतं, मधला भाग ओलाच राहतो, मग फाटणारच. आमच्याकडे गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वडील ओंडका पाडला की त्याच दिवशी दोन्ही टोकांना शेण लिंपायचे, मी आता जुना ऑइल पेंट जाड फासतो, काम तेच. चिरून आणल्यावर फळ्या जमिनीवर टाकू नका, खाली दगडी चिरे ठेवा आणि फळ्यांच्या थरांमध्ये दर दीड-दोन फुटांवर एकाच जाडीच्या लाकडी पट्ट्या, त्यासुद्धा एकावर एक सरळ रेषेत, नाहीतर फळी वाकते. वर वजन, छप्पर हवं, पण बाजूने वारा खेळू दे. सुकायला इंचभर जाडीला साधारण वर्ष धरा, आपल्या दमट हवेत घाई करून उपयोग नाही. फणसाचा पिवळा गाभा पुढे तांबूस होतो, तोच दाराला घ्या, कडेचं पांढरं लाकूड कीड खाते, माझ्या एका चौकटीचं तसंच झालं, हात लावला की पिठासारखा भुसा गळायचा, फार वाईट वाटलं. आणि पुढचं झाड उभं असेल तर स्वतःच्या भाटातलं, म्हणजे बागायतीतलं, असलं तरी गोव्याच्या १९८४च्या वृक्ष कायद्याखाली वनखात्याची परवानगी आधी काढा, मगच करवत लावा. उरलेल्या फळ्यांचा फोटो टाका, बघून सांगतो किती वाचतील.