बूलियन एक्स्प्रेशन: ‘राशी’ की ‘पदावली’?

ऐरोलीकर: आमच्या ऐरोलीतील अभ्यासवर्गासाठी मी ‘लीन’ या सिद्धता-सहायकावरील (गणिती सिद्धता तपासणाऱ्या संगणकप्रणालीवरील) टिपणाचे मराठीकरण करीत आहे. बूलियन एक्स्प्रेशन, म्हणजे जिची किंमत खरी किंवा खोटी एवढीच असते अशी मांडणी, तेथे चार रीतींनी घडते: चल, ‘नाही’, ‘आणि’, ‘किंवा’. शाळेतल्या बैजिक राशीवरून मी ‘बूलीय राशी’ असे लिहिले. सहकाऱ्याने ते खोडून ‘पदावली’ केले. योग्य काय?

नौपाडा: राशी म्हणजे रास, ढीग, त्यात मोजमाप गृहीत आहे. सिद्धता-सहायकात तर घडण महत्त्वाची असते. ‘अ आणि अ’ व नुसते ‘अ’ यांची किंमत सारखी असली, तरी त्या दोन भिन्न रचना आहेत. म्हणून पदावलीच हवी.

वाशी: बैजिक राशी म्हणताना धान्याचा ढीग कोणाच्या मनात येतो? रुळलेला शब्द व्युत्पत्तीसाठी मोडू नये. पदावली म्हटले की मला तर गायची पदे आठवतात. माझा आक्षेप टिपणात राशीचे रूप बदलण्याच्या दोन्ही रीतींना वापरलेल्या ‘रूपांतर’ या शब्दाला आहे. व्याकरणातील वाक्यरूपांतरात अर्थ बदलायचा नसतो: ‘नेहमी खरे बोलावे’ याचे ‘कधीही खोटे बोलू नये’ होते. डी मॉर्गनच्या नियमांनी ‘नाही’ कंसाच्या आत नेताना (‘नाही (अ आणि ब)’ याचे ‘नाही अ, किंवा नाही ब’ करताना) हेच घडते. चलांना कोणत्याही किमती दिल्या तरी उत्तर तेच राहते, हे रचनेवरील विगमनाने, म्हणजे लहान घटकांवरून मोठ्या राशीकडे पायरीपायरीने जाऊन, सिद्ध करता येते. परंतु राशी ‘आणि’ने जोडलेल्या कंसांत मांडण्याची त्सेयतिनची 1968 ची रीत नवे चल आणते; तेथे मूळ राशी कोणत्या तरी किमतींना खरी ठरत असेल तर आणि तरच नवी खरी ठरू शकते, एवढेच टिकते.

नौपाडा: मग ती रीत वगळावी.

वाशी: वगळता येणार नाही. ‘अ१ आणि ब१, किंवा अ२ आणि ब२’ अशा 20 जोड्या घेऊन नुसत्या वितरणाने ‘आणि’ने जोडलेले कंस केले, तर ते 10,48,576 होतात, त्सेयतिनच्या रीतीने सव्वाशेच्या आत भागते.

घोडबंदर: विद्यार्थी दोन्हीला ‘कन्व्हर्ट करणे’ म्हणतात आणि त्यांचे अडत नाही.

वाशी: बोलताना अडत नाही, प्रमेय मांडताना अडते. ‘रूपांतर’ वाचणारा किमतींची समता गृहीत धरील आणि जे खोटे आहे तेच सिद्ध करू पाहील. दुसऱ्या रीतीला ‘पर्यायी मांडणी’ म्हणावे.

ऐरोलीकर: ‘पर्यायी’ म्हटल्यावरही वाचक समताच धरील, असे मला वाटते. शिवाय लीनमध्ये बूल किमतीवरून ‘ती किंमत खरी आहे’ या विधानाकडे जावे लागते; त्या क्रियेला मी आतापर्यंत ‘रूपांतर’च लिहीत आलो आहे. तिला काय म्हणावे?