हार्ड डिस्क ‘बसवणे’, ‘लावणे’ आणि ‘टाकणे’ : अर्थातला फरक

मूळ प्रश्न

साताऱ्यातील एका परिचितांच्या छापखान्यात विंडोज ९८ वर चालणारे एक पेंटियम यंत्र अजून रोजच्या कामात आहे, कारण त्यांची अनेक वर्षांची अक्षरजुळणी ज्या जुन्या मराठी आज्ञावलीत झालेली आहे तिला प्रिंटरच्या पोर्टात खोचायचे हार्डवेअर लॉक लागते आणि तिचे फाँटही युनिकोडच्या आधीचे आहेत. त्या यंत्राची हार्ड डिस्क टकटक वाजू लागली, तेव्हा भंगार यंत्रातून मिळालेली ४० जीबीची डिस्क तिथे कशी घालायची, याचे एक पानभर टिपण मी तिथल्या साहाय्यकासाठी लिहून दिले. त्यातले एक वाक्य असे होते : ‘नवी डिस्क बसवावी आणि जुनी टाकावी, मग फायली उतरवून घ्याव्यात.’ जुनी डिस्क त्याच केबलवर दुसऱ्या जागी जोडावी, एवढेच मला म्हणायचे होते. त्याने ती रद्दीच्या पोत्यात टाकली. पोते संध्याकाळपर्यंत उचलले गेले नव्हते, म्हणून फायली वाचल्या.

दोष त्या मुलाचा नाही, माझ्या शब्दाचा आहे. म्हणून टिपण नव्याने लिहिण्यापूर्वी इथे विचारतो. ‘इन्स्टॉल’ आणि ‘कॉन्फिगर’ या दोन क्रियांना मराठीत नेमके काय म्हणावे? संगणकाच्या मराठीकरणात ‘प्रतिष्ठापन’, ‘स्थापित करणे’, ‘संयोजना’ असे शब्द वाचायला मिळतात, परंतु दुकानात ते कोणी उच्चारत नाही. ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’ (एका केबलवरच्या पहिल्या आणि दुसऱ्या डिस्कची नावे), ‘पार्टिशन’ (डिस्कचा वेगळा केलेला भाग), ‘फॉरमॅट’ हे शब्द तसेच ठेवावेत की त्यांना मराठी पर्याय द्यावेत?

प्रतिसाद

आपल्या वाक्यातला घोटाळा ‘टाकणे’ या क्रियापदाच्या स्वभावातच आहे. भाजीत मीठ टाकतो तेव्हा ते आत जाते आणि केर टाकतो तेव्हा तो बाहेर जातो. दिशा क्रियापदात नसते, ती आजूबाजूच्या शब्दांवरून कळते. सहायक क्रियापद जोडले तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही. ‘नवी डिस्क टाकून घेतली’ म्हटले की ती यंत्रात आली हे नक्की कळते, पण ‘टाकून दिली’ म्हणजे फेकली असाही अर्थ होतो आणि ‘त्याने मला विंडोज टाकून दिले’ या वाक्यात नेमका उलटाही होतो. तेव्हा हाताने उचलण्याच्या वस्तूसाठी ‘टाकणे’ लेखी सूचनेत वापरूच नये आणि ते फक्त आज्ञावलीसाठी राखून ठेवावे, असे माझे मत आहे. विंडोज टाकतात, फाँट टाकतात, ड्रायव्हर टाकतात. तिथे गैरसमजाला जागा नाही.

‘बसवणे’ हा शब्द मात्र मला फार मोलाचा वाटतो. पंप बसवतात, दात बसवतात, गणपती बसवतात आणि नाटकही बसवतात. या सगळ्यांत वस्तू नुसती ठेवलेली नसते, तर तिच्या जागी घट्ट आणि कामाला योग्य अशी झालेली असते. हार्ड डिस्क खणात सरकवून दोन्ही बाजूंनी दोन दोन स्क्रू आवळणे, एवढ्याच टप्प्याला ‘बसवणे’ म्हणावे. (या स्क्रूंचे आटे मोठे असतात, सीडी ड्राइव्हच्या स्क्रूंचे बारीक असतात. बारीक आट्यांचा स्क्रू डिस्कच्या भोकात बळेच पिरगळला की आटे मरतात, हे टिपणात जरूर लिहा.)

त्यानंतरचे काम ‘लावणे’ या शब्दाचे. आपण ‘कॉन्फिगर’ला शब्द शोधत आहात, परंतु तो मराठीत आधीच आहे. घड्याळ लावतात, तंबोरा लावतात. दोन्हींत वस्तू आधीपासून असते आणि आपण ती हव्या त्या स्थितीला आणतो. दुरुस्ती करणारे ‘जंपर मास्टरला लाव’, ‘बायोसमध्ये तारीख लाव’ असे म्हणतात (जंपर म्हणजे डिस्कच्या पिनांवर चढवायची छोटी टोपी, बायोस म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारी मूळ आज्ञावली), तेव्हा ते ‘कॉन्फिगर’चेच मराठी बोलत असतात. नाम हवे असेल तर ‘सेटिंग’ सर्वांना कळते. ‘प्रतिष्ठापन’ने हे सारे टप्पे एका झाकणाखाली जातात आणि बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे ते सांगताच येत नाही, ही माझी त्या शब्दाविषयीची खरी तक्रार आहे. तो संस्कृत आहे म्हणून मी त्याला नाकारत नाही.

दुसरा प्रतिसाद

मी बरीच वर्षे दुरुस्तीचे काम केले असल्याने बिघाडाच्या शब्दांविषयी थोडे लिहितो. गिऱ्हाईक ‘डिस्क चालत नाही’ म्हणते, पण आमच्यात तीन वेगळी वाक्ये आहेत. ‘डिस्क दिसत नाही’ म्हणजे बायोसच्या यादीत तिचे नाव येत नाही. अशा वेळी केबल, वीजजोडणी आणि जंपर तपासायचे. ‘दिसते पण घेत नाही’ म्हणजे नाव येते, पण आकार चुकीचा येतो किंवा यंत्र तिथेच अडकते. ‘घेते पण उचलत नाही’ म्हणजे डिस्क सर्वार्थाने ठीक आहे, पण तिच्यावरून विंडोज सुरू होत नाही. शेवटच्या प्रकारात बहुतेकदा पार्टिशन सक्रिय करायचे राहून गेलेले असते. ‘दिसणे’, ‘घेणे’ आणि ‘उचलणे’ हा क्रम टिपणात जसाच्या तसा ठेवावा, कारण तपासणीचाही क्रम तोच आहे.

आपल्या ४० जीबीच्या डिस्कला ‘न घेण्याचा’ धोका खरोखरच आहे. जुन्या बायोसच्या आकलनाला पायऱ्या होत्या. अगदी आरंभीची मर्यादा १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर (डिस्कवरची जागा मोजण्याची ही तीन मापे) यांच्या गुणाकारातून आली. प्रत्येक सेक्टरचे ५१२ बाइट धरले तर ५२,८४,८२,३०४ बाइट होतात, आणि त्यापुढची डिस्क बायोसला कळतच नसे. पुढे ८.४ जीबीची मर्यादा आली आणि १९९९ च्या आधीच्या कित्येक मदरबोर्डांवर ३३.८ जीबीची अडचण होती, जिथे त्याहून मोठी डिस्क जोडताच यंत्र ओळख पटवण्याच्या पडद्यावर ठप्प होई. त्यासाठी त्या काळच्या अनेक डिस्कवर क्षमता कमी करून सांगणारी जंपरची एक जागा दिलेली असते. ती डिस्कच्या अंगावरच्या आकृतीत पाहावी. तो जंपर लावला की काही जागा वाया जाते, पण डिस्क ‘घेतली’ जाते.

आणखी एक गोष्ट. जुनी डिस्क बायोसमध्ये ‘नॉर्मल’, ‘लार्ज’ किंवा ‘एलबीए’ या जागा मोजण्याच्या पद्धतींपैकी ज्या पद्धतीने लावलेली होती, त्याच पद्धतीने पुन्हा लावावी. पद्धत बदलली तर तोच मजकूर यंत्राला वाचता येत नाही आणि माणूस घाबरून डिस्कवर फॉरमॅट मारून बसतो.

तिसरा प्रतिसाद

‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’ यांचे भाषांतर ‘स्वामी’ आणि ‘सेवक’ असे केलेले मी पाहिले आहे. शब्दशः ते बरोबर असले तरी वस्तुस्थितीला धरून नाही. एका आयडीई केबलवरच्या (डिस्क मदरबोर्डाला जोडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या चपट्या केबलवरच्या) दोन डिस्कपैकी पहिली दुसरीला कोणताही हुकूम देत नाही; दोघी एकच केबल वाटून घेतात आणि हुकूम दोघींनाही मदरबोर्डाकडूनच येतो. पुढच्या मानकांनी त्यांना ‘डिव्हाइस ०’ आणि ‘डिव्हाइस १’ अशी साधी नावे दिली. मराठीत डिस्क स्त्रीलिंगी आहे, तेव्हा ‘थोरली’ आणि ‘धाकटी’ हे शब्द मला फार चपखल वाटतात : दोघी एका घरातल्या, मान क्रमाचा, मालकीचा नाही. मात्र डिस्कच्या लेबलावर इंग्रजी अक्षरेच छापलेली असल्याने टिपणात ‘मास्टर, म्हणजे थोरली’ असे एकदा सांगून पुढे ‘मास्टर’च ठेवावे लागेल.

‘जंपर’ या शब्दाविषयी एक आठवण. आमच्या आजीच्या पिढीत चोळीऐवजी घालायच्या पोलक्याला ‘झंपर’ म्हणत आणि खण हे तर चोळीचे कापड. ‘खणात डिस्क, डिस्कला जंपर’ हे वाक्य तिला शिवणकामाचे वाटले असते. वस्तू पाहिली तर दोन पिनांवर चढवायची ती इवलीशी टोपी आहे, आत पत्र्याची पट्टी असलेली. नवख्या माणसासाठी लिहिताना ‘जंपरची टोपी’ म्हणावे.

प्रश्नकर्ता

‘थोरली-धाकटी’ मी नक्की वापरेन. आता ‘पार्टिशन’ राहिले. ‘विभाजन’ लिहिले तर साहाय्यक विचारतो की म्हणजे काय, आणि ‘फाळणी’ म्हटले की १९४७ सालच आठवते.

चौथा प्रतिसाद

‘पार्टिशन’ मराठीला नवे नाही. चाळीतल्या खोलीत प्लायवुडचे पार्टिशन घालतात, हे संगणकाच्या कितीतरी आधीपासूनचे आहे. फरक क्रियापदात आहे : खोलीत पार्टिशन ‘घालतात’, डिस्कवर पार्टिशन ‘पाडतात’, जसे प्लॉट पाडतात. खोलीतले पार्टिशन म्हणजे मधली भिंत, तर डिस्कवरचे पार्टिशन म्हणजे भिंतीने वेगळा झालेला भाग. म्हणून ‘पाडणे’च बरोबर आहे.

पण याहून नेमकी शब्दसंपत्ती आपल्याकडे जमिनीच्या कागदांत आहे. डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये पार्टिशनची जी नोंद असते तिच्यात फक्त चारच रकाने असतात, प्रत्येकी १६ बाइटांचे. चारांहून अधिक भाग हवे असतील तर एका रकान्यात ‘एक्स्टेंडेड’ पार्टिशन धरून त्याच्या आत ‘लॉजिकल’ ड्राइव्ह पाडावे लागतात. हे सातबाऱ्यावरच्या गट आणि पोटहिस्सा यांसारखेच आहे, आणि शेतकरी कुटुंबातल्या मुलाला ‘पोटहिस्सा’ म्हटले की पुढचे समजावून सांगावे लागत नाही. नोंद पुसली म्हणून जमिनीवरचे पीक जागच्या जागी नाहीसे होत नाही, हेही त्याला त्यातून कळते. चुकून पार्टिशन उडाले तर त्याने आधी हात आवरावा, यासाठी हे कळणे गरजेचे आहे.

आपल्या छापखान्यासाठी पोटहिश्श्याचा एक फार उपयोगी नियम आहे. विंडोज ९८ अक्षरे वाटताना आधी प्रत्येक डिस्कवरच्या प्राथमिक, म्हणजे थेट रकान्यात नोंदलेल्या, पार्टिशनला अक्षर देते आणि मग लॉजिकल ड्राइव्हकडे वळते. समजा, थोरलीवर सी आणि डी असे दोन ड्राइव्ह आहेत आणि डी लॉजिकल आहे. धाकटी जोडल्यावर तिच्यावर प्राथमिक पार्टिशन असेल तर डी हे अक्षर तिला मिळते, तुमचा जुना डी सरकून ई होतो आणि अक्षरजुळणीतली चित्रे सापडेनाशी होतात. कायमची दुसरी डिस्क जोडायची असेल तर तिच्यावर प्राथमिक पार्टिशन न पाडता सगळे पोटहिस्सेच पाडावेत, म्हणजे अक्षरे सरकत नाहीत.

‘फॉरमॅट’ला मी पर्याय सुचवणार नाही, ‘फॉरमॅट मारणे’ रुळले आहे. फक्त त्यात दोन कामे दडलेली आहेत हे सांगावे. पट्ट्या आणि सेक्टर यांची ‘आखणी’ आयडीई डिस्कवर कारखान्यातच झालेली असते आणि ती आपण करायची नसते. आपण फॉरमॅट मारतो तेव्हा उघडतो ती ‘खतावणी’ : कोणती फाइल कुठे ठेवली आहे, याचा तक्ता.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. टिपणाचा मधला भाग आता असा लिहिला आहे; खटकेल ते सांगावे.

‘यंत्राची वायर भिंतीतून काढावी आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच डिस्क कडांनी धरावी. नव्या डिस्कला जंपरची टोपी मास्टरला, म्हणजे थोरलीला, लावावी आणि जुनीला स्लेव्हला, म्हणजे धाकटीला, लावावी. नवी डिस्क खणात बसवावी. जुनी डिस्क जपून ठेवायची आहे. ती शेजारच्या खणात बसवावी. केबलची लाल कड डिस्कवरच्या १ क्रमांकाच्या पिनेकडे, म्हणजे बहुधा वीजजोडणीच्या बाजूला, येईल अशी केबल जोडावी. बायोसमध्ये दोन्ही दिसतात का ते पाहावे. दिसल्या तरच फ्लॉपीवरून एफडिस्क, म्हणजे पार्टिशन पाडायची आज्ञावली, चालवावे, मोठ्या डिस्कविषयीच्या प्रश्नाला ‘वाय’ म्हणावे, नव्या डिस्कवरच पार्टिशन पाडून ते सक्रिय करावे, यंत्र पुन्हा सुरू करावे आणि मग त्याच पार्टिशनवर फॉरमॅट मारावा. फॉरमॅट मारण्यापूर्वी पडद्यावर दिसणारा आकार मोठ्याने वाचावा. तो जुन्या डिस्कचा असेल तर तिथेच थांबून मला फोन करावा.’