डोमेनच्या वादात पंच नेमणारी संस्था तक्रारदारानेच का निवडायची?

कोरडवाहू:
डॉट कॉम डोमेनवरून, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून, ट्रेडमार्कचा वाद झाला की तो बहुतेक वेळा आयकॅनच्या (इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणारी संस्था) १९९९ च्या यूडीआरपी या वाद-निवारणाच्या नियमांनी सुटतो. तक्रारदाराने तीन गोष्टी दाखवायच्या: नाव आपल्या मार्काशी जुळतं, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि नोंदणी व वापर दोन्ही वाईट हेतूने झालेत. पण तक्रार ऐकायला पंच नेमणाऱ्या कोणत्या संस्थेकडे जायचं ते तोच ठरवतो. खोटी तक्रार केली तरी दंड नाही, फार तर निकालात एक शेरा. बार्सिलोना डॉट कॉम २००० मध्ये अशाच एका संस्थेच्या, वायपोच्या (जागतिक बौद्धिक संपदा संघटना), पंचांनी बार्सिलोनाच्या नगरपालिकेला देऊन टाकलं. ते अमेरिकेच्या अपील कोर्टात मूळ धारकाच्या बाजूने फिरायला २००३ उजाडलं. शहराचं नाव कुणा एकाच्या मालकीचं कसं?

शमी:
एका उदाहरणावरून सगळी पद्धत मोडीत काढू नका. वायपोकडे पाच नावांपर्यंत, एक पंच, फी १५०० डॉलर, निकाल साधारण दोन महिन्यांत. बँकेच्या नावात एक अक्षर बदलून खातेदारांचे पासवर्ड लुबाडणाऱ्याला दिवाणी कोर्टाच्या तारखा द्यायच्या का? आणि जिंकलेल्या तक्रारदारालाही भरपाईचा छदाम मिळत नाही, फक्त नाव मिळतं. हरलेल्या धारकाने १० कामकाजी दिवसांत कोर्टात दावा लावून रजिस्ट्रारला (नाव जिच्याकडे नोंदलं ती कंपनी) पुरावा दिला की हस्तांतर थांबतं.

कोरडवाहू:
दावा कुठे लावायचा? रजिस्ट्रारचं मुख्य कार्यालय किंवा धारकाचा नोंदलेला पत्ता, यांतलं ठिकाण तक्रारदार आधीच निवडून बसलेला असतो. त्याने पहिलं निवडलं असेल आणि रजिस्ट्रार अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाचा असेल तर साताऱ्याच्या दुकानदाराने १० दिवसांत तिथे वकील गाठायचा!

ओलसुकं:
बरेच जण त्याआधीच हरतात. उत्तराला २० दिवस असतात, मागितले तर आणखी ४. नोटीस जुन्या ईमेलवर पडून राहते आणि निकाल एकतर्फी लागतो. दुसरा सापळा: "नाव विकणार का, किती घ्याल?" असा साधासा ईमेल येतो. आकडा कळवला की तोच ईमेल वाईट हेतूचा पुरावा म्हणून तक्रारीला जोडला जातो. आकडा कधीच पहिल्यांदा आपण सांगू नये. उत्तरात सगळ्यात आधी तारखा मांडा. नाव मार्काच्या आधी घेतलं असेल तर वाईट हेतूने नोंदणी केली हे सिद्ध करणं फार अवघड जातं. सोबत जुनी बिलं आणि संकेतस्थळाच्या जुन्या प्रती लावा. तीन पंचही मागता येतात. वायपोची फी मग ४००० डॉलर, त्यातले निम्मे आपले, पण एका पंचासाठी नावं आपण सुचवतो.

मात्र डॉट इनला हा तारखांचा आधार लंगडा पडतो. तिथल्या नियमात नोंदणी 'किंवा' वापर, एकच वाईट ठरला तरी पुरतं. पंच मात्र निक्सी ही डॉट इनचा कारभार पाहणारी संस्थाच नेमते, तक्रारदाराला संस्था निवडता येत नाही.

कोरडवाहू:
पंच नेमण्याबाबत हेच डॉट कॉमला करा. पंच तटस्थ यादीतून पाळीने यावा, आणि तक्रारीत लबाडी ठरली तर धारकाचा वकीलखर्च तक्रारदाराने भरावा.

शमी:
पाळी मान्य. खर्चाची अट नको. खरा मार्क असलेला छोटा लोणचेवालाही मग तक्रार करायला धजणार नाही.