रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज नकोसा वाटणं

वर ज्यांनी लिहिलंय ना की चाल सुचते, शब्दही होतात, पण रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज ऐकला की सगळं डिलीट करावंसं वाटतं, त्यांच्यासाठी. अहो, यातला अर्धा प्रॉब्लेम तुमच्या गळ्याचा नाहीच. गाताना आपला आवाज हवेतून तर कानात येतोच पण कवटीच्या हाडांतूनही आत पोचतो आणि त्यात खालच्या फ्रीक्वेन्सी जास्त असतात, म्हणून स्वतःला तो भरदार वाटतो, माइकला फक्त हवेतला मिळतो त्यामुळे प्लेबॅकला पातळ, परका वाटतो. बाकीच्यांनी तुमचा कायम तोच ऐकलाय, ते काही दचकत नाहीत!

आणि तुलना कशाशी करताय? स्टुडिओत बऱ्याचदा वेगवेगळ्या टेकमधल्या (टेक म्हणजे एकदा गाऊन केलेलं रेकॉर्डिंग) चांगल्या ओळी निवडून जोडतात (कॉम्पिंग), वर पिच करेक्शन (हललेला सूर जागेवर आणणं), कॉम्प्रेशन (आवाजाचा लहान-मोठेपणा सारखा करणं), रिव्हर्ब (घुमारा देणं). त्याच्यासमोर मोबाइलवरचा कच्चा टेक ठेवला तर कसं व्हायचं.

मी काय करते, रेकॉर्ड करताना पंखा बंद, कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर उभी राहते म्हणजे खोली कमी घुमते, ओळ चुकली तरी थांबत नाही, शेवटपर्यंत गाते आणि त्या दिवशी ऐकतच नाही. शब्द अडले तर डमी शब्द टाकून चाल पूर्ण करा आधी. पहिल्यांदा घरच्यांना नका ऐकवू, ते एकतर वा वा करतात नाहीतर नोकरीचं काढतात. कुणी वाजवणारा मित्र असेल तर त्याला विचारा, "कसं वाटलं" असं नाही, "कुठे कंटाळा आला" असं.