लंडनला सात वर्षांच्या पोरीसोबत बारा दिवस: छापील यादीबाहेरचं काय दाखवू?

रावेरवाला

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातला, घरची केळी. मेव्हणा लंडनला हॅरो भागात राहतो, तीन वर्षांपासून बोलावतोय. यंदा मेमध्ये जमलं, व्हिसे हातात आलेत. मी, बायको आणि पोरगी. ती दुसरीतून तिसरीत जाणार. ऐन वावटळीच्या दिवसांत बाग सोडून निघालो म्हणून वडील गुरगुरतायत, ते सोडा.

एजंटने रोजचा कार्यक्रम छापून दिलाय. मेणाचे पुतळे, तो मोठा पाळणा, राजवाडा, पूल, घड्याळाचा मनोरा आणि एका दिवसात दोन म्युझियम. मला धडकी भरलीय, कारण दोन वर्षांपूर्वी दुबईत हेच केलं होतं. बुर्ज खलिफाच्या वर पोहोचलो तेव्हा पोरगी माझ्या खांद्यावर गाढ झोपलेली. शेवटच्या दिवशी वेळ उरला म्हणून खाडी ओलांडायच्या होडीत बसवलं, माणशी एक दिरहम. उतरायला तयारच नाही. सहा वेळा इकडून तिकडे केलं. आजही तिला दुबई विचारा, ती होडीच सांगते.

तर लंडनमध्ये अशी 'होडी' कुठे सापडेल? पैशाचं फार नाही, पण पोरीला रडत फरफटत न्यायचं नाही. जेवण शाकाहारी.

भुसावळची_माहेरवाशीण

दादा, उत्तर तुमच्या पोरीनेच देऊन ठेवलंय.

नवऱ्याच्या कामामुळे आम्ही दीड वर्ष तिथे होतो, मुलगा तेव्हा सहाचा. माझे वडील रेल्वेत ड्रायव्हर. भुसावळच्या क्वार्टरमध्ये शंटिंगचे धक्के ऐकत मी वाढले, त्यामुळे मला कुठलंही शहर आधी त्याच्या गाड्यांतून कळतं. पोरगाही तसाच निघाला. राजवाड्यासमोर पहारा बदलताना त्याने तीनदा 'आता जायचं?' विचारलं, आणि डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर पुढच्या काचेशी बसला की तासभर तोंडातून शब्द नाही.

एक अख्खा दिवस ग्रीनिचला द्या. तिथे थेम्सच्या खालून पायी जायचा बोगदा आहे, 1902 सालचा. दक्षिणेकडच्या मजुरांना पलीकडच्या गोद्यांत कामाला जाता यावं म्हणून बांधला. लांबी साधारण 370 मीटर, तिकीट नाही. लिफ्ट आहे, ती बंद असली तर शंभरेक पायऱ्यांची तयारी ठेवा. आत पांढऱ्या फरशांची गोल भिंत, आवाज नुसता घुमतो. मधोमध थांबून पोरीला सांगा की आता आपल्या डोक्यावर नदी आहे. माझ्याने आधी वर पाहिलं, मग हात लावून पाहिला भिंत ओली आहे का. नंतर मलाच विचारलं, 'हा गळला तर कुणाला सांगायचं?' मला काय माहीत!

पलीकडे वर आलात की नदीकाठी बाग आहे. डबा तिथेच खा. तिथून रमतगमत चालत मडशूटचं शेत गाठा. 32 एकर, फुकट. मेंढ्या, बकऱ्या, डुकरं, आणि मागे कॅनरी वॉर्फचे काचेचे टॉवर. सासूबाई आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, 'बकऱ्याच बघायच्या होत्या तर साकेगावात काय कमी होत्या?' खरंय. पण साकेगावात 'हात नको लावू, कपडे घाण होतील' म्हणणाऱ्याही त्याच. इथे पोरगं दोन तास हललं नाही.

परत येताना डीएलआर पकडा. ही 1987 पासूनची बिनड्रायव्हरची गाडी. सगळ्यात पुढच्या सीटवर बसलं की समोर नुसती काच आणि रूळ. पुढची जागा भरलेली दिसली तर एक गाडी सोडून द्या, दुसरी लगेच येते. आम्ही तिथूनच वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. ड्रायव्हर नाही म्हटल्यावर ते काही बोलेचनात. मग विचारलं, 'दारं कोण लावतं?' गाडीत एक कर्मचारी असतो, दारं तो बघतो, वेळ पडली तर पुढचं झाकण उघडून गाडीही चालवतो, असं सांगितलं. 'म्हणजे गार्ड ठेवलाय आणि ड्रायव्हर काढलाय,' म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

आता खास तुमच्यासाठी. त्या टॉवरच्या जागी पूर्वी वेस्ट इंडिया गोदी होती, 1802 ला उघडलेली, 1980 ला बंद पडली. 1930 च्या दशकात तिथे कॅनरी बेटांवरून येणाऱ्या फळांसाठी धक्का बांधला, म्हणून नाव कॅनरी वॉर्फ. त्या फळांत केळी होती! आज जिथे बँकवाले सुटाबुटात कॉफी पितात तिथे केळीचे घड उतरायचे. सावद्याच्या मालधक्क्याची आठवण काढून पोरीला हे सांगा, एजंटच्या कागदात नसणार. तिथेच साखरेच्या जुन्या गोदामात गोदीचं म्युझियम आहे, तेही फुकट.

आणखी एक. थेम्सला भरती-ओहोटी येते, पाणी सहा-सात मीटर वरखाली होतं. सकाळी काठोकाठ नदी पाहिलेला माझा मुलगा दुपारी वाळू बघून किंचाळला, 'नदी कुठे गेली?' तापी उन्हाळ्यात आटते तीही अशी चार तासांत नाही आटत. ओहोटीची वेळ नेटवर बघा आणि दक्षिण काठाला जा. खालच्या वाळूत उतरलात तर पाणी परत चढायच्या आत वर या. आणि तिथलं काही शोधायला, उचलायला परवाना लागतो, तेव्हा पोरीचे खिसे वर येताना तपासा.

अकरा वर्षांखालच्या मुलांना बस, ट्यूब (तिथली भुयारी रेल्वे), डीएलआर मोठ्यांसोबत फुकट. म्हणजे चुकीच्या बसमध्ये चढलात तरी पोरीचं तिकीट वाया जात नाही. आम्ही मुद्दाम चुकीच्या बसमध्ये बसायचो.

धुळेकर_आबा

काय भो, पोरले बकऱ्या दखाडाले इतलं लांब लई जातस का?

ताईंचं वाचून मजा आली, पण माझं मत वेगळं. विमानाच्या तिकिटाला लाखांनी मोजायचे आणि परत आल्यावर गल्लीतल्यांनी 'तो पाळणा पाहिला का' विचारलं तर नाही म्हणायचं? पोरीची मैत्रीण शाळेत विचारेल तेव्हा? आम्ही सिंगापूरला नातवाला सगळं पद्धतशीर दाखवलं. फोटो आहेत, अल्बम आहे. आता तो नातू टोआ पायोह भागातल्या वस्तीतल्या जुन्या ड्रॅगनच्या घसरगुंडीचीच गोष्ट सांगत बसतो, हा भाग वेगळा. 1979 चा तो ड्रॅगन, खाली वाळू. मुलीच्या घराजवळ होता म्हणून गेलो होतो.

भुसावळची_माहेरवाशीण

आबा, शेवटच्या तीन वाक्यांत तुम्ही माझीच बाजू घेतलीत की हो.

पाळणा बघावाच. खाली उभं राहून बघा, फोटो काढा, गल्लीत दाखवा. वर चढायच्या रांगेत सात वर्षांचं लेकरू उभं करणं तेवढं मला जमत नाही.

अमळनेरचा_पण_न्यूजर्सीत

लंडनचं मला माहीत नाही, पण न्यूयॉर्कची 'होडी' सांगतो, पुढे कुणाला उपयोगी पडेल. स्टेटन आयलंड फेरी. पूर्ण फुकट, एका बाजूला साधारण पंचवीस मिनिटं, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा वाटेत दिसतो. आईवडील आले तेव्हा नेलं, माझ्या पोरापेक्षा वडीलच कठड्याला चिकटून उभे. दुसरं, ब्रुकलिनमध्ये 1936 साली उघडलेल्या, पुढे बंद पडलेल्या भुयारी स्टेशनातच ट्रान्झिट म्युझियम आहे. खाली खऱ्या फलाटावर जुने डबे उभे, आत जाऊन वेताच्या सीटवर बसता येतं. भुसावळच्या ताईंनी चुकवू नये. तिथल्या भुयारी रेल्वेत 44 इंचांपर्यंत उंचीच्या मुलांना तिकीट नाही, त्यामुळे माझा मुलगा वर्षभर गुडघे वाकवून चालायचा.

रावेरवाले भाऊ, लंडनला जाताना पेढे, तूप नेऊ नका. भारतातून दूध-दुभतं आणि मांस तिकडे आणू देत नाहीत. कळण्याचं पीठ, पापड, शेव खुशाल न्या.

भुसावळची_माहेरवाशीण

बरं सांगितलंत. आणि भाऊ, मेअखेरीस तिथे रात्री नऊच्या सुमाराला सूर्य मावळतो. पोरगी झोपायला तयार होणार नाही, आणि साडेचार तासांच्या फरकामुळे सुरुवातीला पहाटे तीनला टक्क उठून बसेल. पहिल्या दोन दिवसांत एजंटच्या कागदातलं काहीही करू नका. मेव्हण्याच्या घराजवळची बाग आणि किराणा दुकान, बस.

रावेरवाला

मंडळी, परत आलो. सगळ्यांचे आभार, विशेषतः भुसावळच्या ताईंचे.

पहाटे तीनचं तंतोतंत खरं ठरलं. बोगद्यात पोरीने 'आजोबा' अशी हाक मारली आणि आवाज फिरून आल्यावर 'आजोबांनी ओ दिली' म्हणाली. त्यानंतर पलीकडे जाऊन परत अलीकडे, परत पलीकडे. चार फेऱ्या झाल्या. बायको बागेतल्या बाकावरच बसून राहिली. बकऱ्यांपाशी आमचा वेळ गेला नाही, आमच्या घरी तीन आहेत आणि पोरगी म्हणाली यांच्यापेक्षा आपल्या देखण्या. आबा, पाळण्यात बसलो. तिला आवडला. मला चक्कर आली.

पण तिची 'होडी' भलतीच निघाली. दुसऱ्या दिवशी ताईंच्या सांगण्यावरून किराणा दुकानात गेलो तर तिथे केळी. प्रत्येक फणीला छोटं गोल स्टिकर, देशाचं नाव लिहिलेलं. कोलंबिया, इक्वेडोर, कोस्टारिका, डॉमिनिकन रिपब्लिक. तिने ठरवलं, रोज वेगळं स्टिकर मिळवायचं. मग काय, रोज संध्याकाळी नवीन दुकान, नवीन गल्ली. हॅरो भागात मेव्हण्याने पाच वर्षांत पाहिली नसतील इतकी दुकानं आम्ही पाहिली आणि रोज केळी खाल्ली. केळीवाल्याच्या घरातली माणसं, पाउंड मोजून केळी खातायत! मी भाव बघून रोज वडिलांना फोन करायचो आणि वडील रोज खवळायचे.

कॅनरी वॉर्फला उभं करून गोदीची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मग आपली का नाही येत इथे?' जहाजाचे दिवस, माल पिकण्याचा हिशेब असं काहीबाही सांगायला लागलो तर मध्येच थांबवून म्हणाली, 'स्टिकर नाहीये म्हणून.'

घरी आल्या आल्या पेनाने 'रावेर' लिहून कागदाचा गोल कापला आणि वडिलांच्या समोरच्या फणीतल्या एका केळ्याला डिंकाने चिकटवला. तेरा दिवस झाले, केळ काळं ठिक्कर पडलंय. वडील कुणाला हात लावू देत नाहीत.